बॅटरी भरली, हे कोण ठरवतं?

भाईंदरच्या खाडीवरचा रेल्वे पूल ओलांडला की आधी नायगाव आणि मग वसई. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतल्या एका घरात इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून आणून रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात गेला. बॅटरी जास्त तापल्यामुळे हे घडलं असावं, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता.

आपण सगळेच काहीतरी चार्जिंगला लावून झोपतो. फोन, इअरफोन, लॅपटॉप, आता स्कूटरही. झोपताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: भरली की थांबेल. पण थांबण्यासाठी आधी ‘भरली’ हे कुणाला तरी कळायला हवं. बॅटरी म्हणजे काही पाण्याची बाटली नव्हे. ती भरली काय किंवा रिकामी काय, बाहेरून सारखीच दिसते. वजनातही हाताला जाणवेल असा फरक पडत नाही. फोनच्या कोपऱ्यातला ६३ हा आकडा कुणी आत डोकावून वाचलेला नसतो. बाहेर दिसणाऱ्या दोन-तीन खुणांवरून तो ताडलेला असतो. हा अंदाज बांधायची माणसाची खटपट दीड शतकाहून जुनी आहे, आणि बॅटरी चार्ज होत असताना तो अंदाज हमखास चुकतो, हा या खटपटीचा पहिल्यापासूनचा अनुभव.

मिठागरातली काचेची नळी

मीरा-भाईंदर आज इमारतींचं शहर आहे, पण त्याची जुनी ओळख मिठागरांची. मीठ पिकवणाऱ्यासमोरही असाच प्रश्न असतो: वाफ्यातलं पाणी मीठ धरण्याइतकं दाट झालं का? त्यासाठी खालच्या टोकाला वजन असलेली काचेची बंद नळी पाण्यात सोडतात. पाणी पातळ असेल तर ती खोल बुडते, दाट असेल तर वर तरंगते. आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ मध्ये अशा नळीवर अंशांच्या खुणा केल्या. मीठ उद्योगात आजही ‘बोमे’ हेच माप चालतं. समुद्राचं पाणी साधारण तीन-साडेतीन अंश बोमे असतं आणि पंचविसाच्या आसपास पोचलं की मीठ धरायला लागतं.

हीच नळी पुढे बॅटरीच्या कामाला आली. गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सल्फ्युरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी केली. आपल्या गाड्यांमधली आणि घरगुती इन्व्हर्टरमधली बॅटरी तिच्याच वंशातली. तिची एक सोय अशी, की तिचं द्रव स्वतःच तिची स्थिती सांगतं. बॅटरी वापरली की आम्लातलं सल्फेट पत्र्यांवर जाऊन बसतं आणि आम्ल पातळ होतं. चार्ज केली की ते परत द्रवात येतं आणि आम्ल दाट होतं. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्याच्या सुमारे १.२८ पट जड असतं. नळी सोडा, आकडा वाचा, झालं. गॅरेजमध्ये मेकॅनिक रबरी फुगा लावलेल्या ज्या नळीने आम्ल ओढून पाहतो, ती हीच.

वापरात नसलेल्या, शांत पडलेल्या बॅटरीत हे जमतं. चार्जिंग चालू असताना मात्र नळी फसवते. पत्र्यांतून बाहेर येणारं दाट आम्ल जड असल्यामुळे तळाशी जातं आणि मेकॅनिक तर वरचं आम्ल ओढतो. म्हणजे बॅटरी अर्धीअधिक भरली तरी नळी तिला रिकामीच म्हणत राहते. शेवटी शेवटी बॅटरी उकळल्यासारखी बुडबुडे सोडू लागते, द्रव ढवळलं जातं आणि आकडा एकदम वर येतो. चार्जिंगदरम्यानचा आकडा आणि आतली खरी स्थिती यांच्यातली ही फारकत पुढच्या प्रत्येक बॅटरीत वेगळ्या रूपात भेटते.

ते बुडबुडे म्हणजे काय, हेही पाहू. शिशाची बॅटरी भरल्यावरही वीज चालूच ठेवली, तर ती वीज द्रवातल्या पाण्याचं विघटन करते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. इमारतीवरच्या टाकीला असतो तसा हा ओव्हरफ्लोचा पाइप समजा. टाकी भरली, वॉचमन पंप बंद करायला विसरला, तर पाणी वाया जातं, पण टाकी फुटत नाही. वसई-विरारकडे महावितरणच्या भारनियमनाच्या वर्षांत ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता, त्यांना बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतल्याचं आठवत असेल. ते पाणी याच ओव्हरफ्लोची भरपाई होतं. बंद खोलीत साठलेला हायड्रोजन धोक्याचा, म्हणून खिडकी उघडी ठेवायची, एवढं पथ्य. ‘नेमकी कधी भरली’ हे अर्धा-एक तास चुकलं तरी शिशाची बॅटरी सांभाळून घ्यायची.

दुसरी वाट: हिशोब ठेवणं

आत पाहता येत नसेल तर आत काय गेलं आणि बाहेर काय आलं याचा जमाखर्च मांडावा, ही दुसरी वाट. तिचा पाया मायकेल फॅरेडेने १८३४ च्या सुमारास घातला: जितकी वीज वाहते तितकाच रासायनिक बदल होतो. एडिसनने न्यू यॉर्कमध्ये घरोघर वीज विकायला सुरुवात केली तेव्हा बिलासाठी त्याने हाच नियम वापरला. ग्राहकाकडे द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असायच्या. थोडी वीज त्यांच्यातून जायची आणि एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पट्ट्या काढून नेऊन त्यांचं वजन करायचा.

१९१० च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रिक मोटारी रस्त्यावर होत्या आणि त्यांच्यात अँपिअर-तास मोजणारं घड्याळ बसवत. इलिनॉयमधल्या सँगॅमो कंपनीची अशी घड्याळं प्रसिद्ध होती. गाडी चालली की काटा पुढे सरकायचा, चार्जिंगला लावली की मागे यायचा. गंमत म्हणजे परतीच्या वाटेवर तो मुद्दाम जरा हळू चालवलेला असायचा. कारण शिशाच्या बॅटरीत १०० भाग वीज घातली तर १०० परत मिळत नाही, काही भाग बुडबुड्यांत जातो. भरतानाचा हिशोब आणि वापरतानाचा हिशोब वेगळा, हे त्या घड्याळाला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

तुमच्या फोनमध्ये आज हेच घड्याळ चिपच्या रूपात आहे. जाणारा-येणारा प्रत्येक मिलिअँपिअर ती एका बारीक रोधावरून मोजते आणि बेरीज-वजाबाकी करते. दोष एकच. मोजणीत जराशी चूक असेल तर ती साठत जाते. समजा, चिप प्रत्येक क्षणी १० मिलिअँपिअरने चुकते. २४ तासांत २४० मिलिअँपिअर-तासांची चूक झाली, म्हणजे ५००० च्या बॅटरीत जवळपास ५ टक्के. चार दिवसांत २० टक्के. त्यात बॅटरीही म्हातारी होते. ५००० ची दोन वर्षांत ४३०० ची झाली आणि चिपला कुणी सांगितलंच नाही, तर सगळी टक्केवारी खोट्या पायावर उभी राहते. त्यामुळे हा जमाखर्च अधूनमधून दुसऱ्या एखाद्या खुणेशी ताडून पाहावा लागतो.

‘नवीन फोन आधी आठ तास चार्ज करा’

ही खूण म्हणजे व्होल्टेज. पण ती प्रत्येक बॅटरीत वेगळं बोलते. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल कॉल झाला. त्या काळातल्या बऱ्याच फोनमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियम बॅटरी पूर्ण भरली की तिचं व्होल्टेज वाढायचं थांबतं आणि किंचित खाली येतं, सोबत ती गरमही होते. चांगले चार्जर ही बारीकशी घसरण पकडून थांबत. स्वस्त चार्जर काहीच पकडत नसत, घड्याळ लावल्यासारखे तासांवर चालत. ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’ हे दुकानदारांचे सल्ले त्या बॅटऱ्यांसाठी होते. बॅटऱ्या गेल्या, सल्ले राहिले. लिथियमच्या फोनला त्यांचा काही उपयोग नाही, शेवटच्या टक्क्यापर्यंत वारंवार उतरवणं उलट तिचं आयुष्य कमी करतं.

ओव्हरफ्लो नसलेली टाकी

लिथियम-आयन बॅटरीमागे तीन माणसांचं काम आहे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची आत-बाहेर करणारी बॅटरी दाखवली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिचं व्होल्टेज वाढवलं. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी दुसऱ्या टोकाला धातूऐवजी कार्बन वापरून ती वापरण्याजोगी केली. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली आणि तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हलकी, दमदार, जवळपास काहीही वाया न घालवणारी. घातलेल्या विजेपैकी ९९ टक्क्यांहून जास्त अँपिअर-तास ती परत देते. पण ‘वाया न घालवणारी’ याचा दुसरा अर्थ असा, की तिला ओव्हरफ्लो पाइप नाही. भरल्यावर घातलेली जादा वीज बुडबुड्यांतून निघून जाऊ शकत नाही. ती कोबाल्टच्या थरांतून आणखी लिथियम ओढून काढते आणि तो थर खिळखिळा होऊन ऑक्सिजन सोडू लागतो. दुसऱ्या बाजूला कार्बनमध्ये जागा उरलेली नसते, म्हणून लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू बनून साचतं. मधला द्रव पाण्याचा नाही, ज्वलनशील आहे. उष्णता वाढली की प्रक्रिया वेग घेते, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते.

म्हणून बॅटरी किती भरली हा प्रश्न १९९१ नंतर वेगळाच झाला. तोवर तो सोयीचा होता. लिथियमने तो सुरक्षेचा केला. नेहमीच्या लिथियम-आयन सेलची मर्यादा सुमारे ४.२ व्होल्ट, आणि तिथे शतांश व्होल्टाचा हिशोब ठेवावा लागतो.

इथेच चार्जिंगदरम्यानची फसवणूक पुन्हा समोर येते. चार्जर जोडलेला असताना दिसणारं व्होल्टेज हे बॅटरीचं खरं व्होल्टेज अधिक वीज आत ढकलायला लागणारा जोर, असं असतं. मोठ्या नळाने बादली भरताना पाणी उसळतं, तेव्हा दिसणारी पातळी खरी नसते. नळ बंद केला की पाणी खाली बसतं. तसंच हे. समजा फोनच्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम आहे आणि तुम्ही ३ अँपिअरने चार्ज करताय. ३ गुणिले ०.०५ म्हणजे ०.१५ व्होल्ट नुसत्या रोधापायी वाढले. खरं व्होल्टेज ३.८५, दिसतं ४.०. शांत बॅटरीत ३.८५ म्हणजे साधारण साठेक टक्के, ४.० म्हणजे ऐंशीच्या आसपास. फक्त व्होल्टेज पाहून ठरवलं तर वीस टक्के हवेत. थंडीत आणि जुन्या बॅटरीत रोध वाढतो, मग चूकही वाढते.

या उसळीवरचा उपाय म्हणजे दोन टप्प्यांचं चार्जिंग. आधी ठरावीक प्रवाहाने भरायचं. दिसणारं व्होल्टेज ४.२ ला टेकलं की व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि प्रवाह आपोआप कमी होऊ द्यायचा. नळ हळूहळू बारीक करत नेला की उसळी शमते आणि दिसणारी पातळी खऱ्या पातळीजवळ येते. प्रवाह सुरुवातीच्या दहाव्या-विसाव्या भागावर आला की ‘भरली’ म्हणून थांबायचं. ऐंशी टक्क्यांपर्यंत धावणारा फोन शेवटच्या वीस टक्क्यांना का रेंगाळतो, याचं उत्तर या नळ बारीक करण्यात आहे.

ऑगस्ट २००७: बॅटरीमागचा नंबर

१४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ‘बीएल-५सी’ बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी शॉर्टसर्किट होऊन तापू शकतात. अशा बॅटऱ्या ४ कोटी ६० लाख होत्या आणि जगभरातून तापल्याच्या सुमारे शंभर तक्रारी आल्या होत्या. भारतात तेव्हा नोकिया म्हणजेच मोबाइल होता. लोक फोनचं झाकण काढून बॅटरीमागचा नंबर तपासू लागले.

या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट केली. आतच शॉर्टसर्किट असेल तर ‘किती भरली’ याचं अचूक उत्तरही पुरेसं नाही. व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या जोडीला तिसरा पहारेकरी हवा, तापमान. फोन तापला की तो आपणहून चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो, तो या तिसऱ्याच्या सांगण्यावरून.

सपाट रस्त्यावरचा मैलाचा दगड

१९९७ मध्ये अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सासमधून लोह-फॉस्फेटचा निबंध प्रसिद्ध केला. कोबाल्टऐवजी लोखंड, म्हणून स्वस्त. ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला, म्हणून जास्त सुरक्षित. याच रसायनाच्या बॅटऱ्या घेऊन २०१९ मध्ये पुण्यात पीएमपीएमएलच्या इलेक्ट्रिक बस धावू लागल्या, आणि २०२० मध्ये बाजारात आलेल्या, रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीतही हेच रसायन होतं.

पण ‘किती भरली’ ओळखायला ही बॅटरी सगळ्यांत कठीण. तिचं व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतं, फरक काही डझन मिलिव्होल्टचा. सपाट माळरानावर किती चाललो हे उतारावरून सांगता येत नाही, तसं. भर म्हणजे त्याच टक्केवारीला चार्ज करून थांबलात तर एक व्होल्टेज आणि वापरून थांबलात तर थोडं वेगळं. बॅटरीला ती कोणत्या दिशेने आली हे आठवतं.

यावरचं उत्तर अवकाशविज्ञानातून आलं. रुडॉल्फ कालमान या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९६० मध्ये एक पद्धत मांडली: आधी हिशोबाने अंदाज करा, मग मापनाशी ताडा आणि दोघांपैकी ज्याच्यावर त्या क्षणी जास्त भरवसा ठेवता येतो त्याच्याकडे तेवढे झुका. अपोलो यानांच्या मार्गदर्शनात ही पद्धत वापरली गेली. २००४ मध्ये कोलोरॅडोच्या ग्रेगरी प्लेट यांनी ती वाहनांच्या बॅटरीला कशी लावायची हे तीन निबंधांत सविस्तर दाखवलं. मधल्या सपाट भागात जमाखर्चावर भरवसा, दोन्ही टोकांना व्होल्टेज झपाट्याने बदलतं तिथे व्होल्टेजवर. लोह-फॉस्फेटच्या गाड्यांना अधूनमधून सावकाश १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करायला कंपन्या सांगतात, त्याचं हेच कारण. तिथे पोचलं की हिशोबाला मैलाचा दगड सापडतो आणि साठलेली चूक पुसली जाते.

एक सेल, आणि बाकीचे तेरा

फोनमध्ये बहुधा एखाद-दुसरा सेल असतो. स्कूटरमध्ये सेलची रांग असते. चौदा सेल एकापुढे एक जोडले तर पूर्ण भरल्यावर १४ गुणिले ४.२, म्हणजे ५८.८ व्होल्ट. आता समजा एक सेल कमकुवत आहे, तो इतरांच्या आधी भरतो. बाकीचे तेरा ४.१५ वर आहेत, त्यांची बेरीज ५३.९५. साधा चार्जर फक्त एकूण आकडा पाहतो आणि ५८.८ होईपर्यंत वीज देत राहतो. म्हणजे उरलेले ४.८५ व्होल्ट त्या एका सेलवर. एकूण आकडा बरोबर, टक्केवारी बरोबर, आणि एक सेल धोक्याच्या पार पलीकडे. सरासरीत हे दिसत नाही. प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवणारं, एकाने जरी मर्यादा गाठली तरी चार्जिंग तोडणारं सर्किट लागतं. त्यालाच बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणतात. स्वस्त बॅटरीत पैसे वाचवायचे तर पहिली कात्री यालाच लागण्याची भीती असते, कारण ते नसलं तरी गाडी चालते आणि स्क्रीनवर टक्केवारीही दिसते.

२०२२ मध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकींच्या बॅटरीचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले: सेलमध्ये पुरेसं अंतर, अतिभार आणि अतितापमानापासून संरक्षण देणारा बीएमएस, भरल्यावर स्वतः थांबणारा चार्जर, प्रत्येक बॅटरीचा माग काढता येईल असा क्रमांक. अशा चाचण्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेत होतात. पण नियम नव्या, नोंदणीकृत मालाला लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जुने सेल जोडून बांधलेल्या बॅटरीला आणि ‘चालतो याला पण’ म्हणून दिलेल्या चार्जरला तो गाठत नाही.

म्हणून बॅटरी घेताना किती किलोमीटर आणि किती तासांत चार्ज, याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस आहे का, आणि चार्जर याच बॅटरीसाठी बनलेला आहे का? उत्तर नीट मिळालं नाही तर ती बॅटरी स्वस्त असली तरी घेऊ नये. घेतलेली बॅटरीही जिथे कुणी झोपत नाही अशा मोकळ्या जागी, दारापासून आणि जिन्यापासून लांब, आपण जागे असताना चार्ज करावी. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी तर चार्जिंगला लावूच नये, मग स्क्रीनवर कितीही टक्के दिसोत.